लिनक्स चढतं, एकदा चालतं, आणि रीबूट केलं की डबा गायब

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. दोन डिस्कचा छोटा नॅस आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायचा डबा, एआरएम चिप, २५६ एमबी रॅम, मॉनिटर लावायला कुठे जागाच नाही. कंपनीने अपडेट देणं बंद केलं म्हणून त्याच्यावर डेबियन हे लिनक्स टाकलं. कंपनी कुठली ते राहू दे, सगळ्यांचे डबे आतून साधारण सारखेच असतात. इन्स्टॉलर नेटवर्कवरूनच चालतो, एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून कमांड देत, आत शिरायचं, असल्या डब्यांच्या तयार इमेजमध्ये युजर इन्स्टॉलर आणि पासवर्ड इन्स्टॉल असतो, मग नेहमीसारखे प्रश्न येतात आणि तासा-दीड तासात काम होतं. पहिला बूट झकास. फाइली शेअर करणारं साम्बा टाकलं, फाइली कॉपी केल्या, आठवडाभर सगळं गुण्यागोविंदाने चाललं, मग एक दिवस अपडेट करून रीबूट केलं आणि डबा गायब. पिंग नाही, एसएसएच नाही, समोरचा दिवा मात्र निवांत जळतोय.

मी काय केलं? परत इन्स्टॉल केलं. परत चाललं, परत काही दिवसांनी रीबूट, पहिले पाढे पंचावन्न. असं चार वेळा केलं आणि चारही वेळा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नावाने खडे फोडले. आता मागे वळून बघतो तर त्या चार वेळांत निदान तीन वेगवेगळ्या भानगडी होत्या, फक्त बाहेरून दिसायला एकच, आणि दर वेळी नवीन इन्स्टॉल करून मी स्वतःच्या हाताने पुरावा पुसत होतो. म्हणून पहिली गोष्ट, डबा गायब झाला की इन्स्टॉलरला हात लावू नका, डिस्क आहे तशी राहू द्या.

मग बघायचं काय, तर डबा खरंच मेलाय की जिवंत आहे आणि फक्त आपल्याला सापडत नाहीये. ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे पण स्क्रीन नसल्यामुळे दोन्ही सारख्याच दिसतात. राउटरच्या पानावर डीएचसीपीची, म्हणजे कुठल्या यंत्राला कुठला आयपी दिला त्याची, यादी उघडा आणि त्यात अनोळखी यंत्र दिसतंय का बघा. इन्स्टॉल करणं सोडून बघितलं तेव्हा माझ्या बाबतीत पहिल्यांदा हेच निघालं, डबा मजेत चालू होता, फक्त दुसऱ्याच आयपीवर. कारण असं की यू-बूटच्या, म्हणजे पॉवर आल्यावर कर्नल चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, सेटिंगमधला मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) उडाला होता, आणि कर्नलला मॅक मिळाला नाही की ते स्वतःच एक रँडम मॅक बनवून घेतं, दर बूटला नवीन. राउटरवर मी जुन्या मॅकला आयपी बांधून ठेवला होता, त्याचा काय उपयोग. ओळखायचं कसं, तर मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघायचं, ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक कारखान्यातून आलेला नसतो, कुणीतरी सॉफ्टवेअरने बनवलेला असतो. खरा मॅक डब्याच्या बुडाला स्टिकरवर छापलेला असतो, तो यू-बूटमध्ये ईथॲडर नावाच्या व्हेरिएबलमध्ये परत घालायचा. यू-बूटला हात लावायची भीती वाटत असेल तर सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सगळं सुरू करणारा प्रोग्राम) डॉट लिंक फाइलमध्ये मॅक ॲड्रेसची ओळ लिहून पण काम भागतं, मी शेवटी तेच केलं.

आता तो मॅक उडाला कसा हे सांगायला लाज वाटते पण सांगतो, कारण ह्यात लोक डबा कायमचा घालवून बसतात. लिनक्सच्या आतून यू-बूटची सेटिंग वाचायला एफडब्ल्यू-प्रिंटएन्व्ह आणि बदलायला एफडब्ल्यू-सेटएन्व्ह अशी दोन टूलं आहेत. ती सेटिंग फ्लॅशमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या कायमच्या मेमरीत, नक्की कुठल्या जागी आहे हे त्या टूलांना स्वतःहून माहीत नसतं, एफडब्ल्यू-एन्व्ह डॉट कॉन्फिग ह्या फाइलमध्ये आपण पत्ता आणि साइज लिहून द्यायचा असतो. पत्ता चुकीचा असेल तर वाचताना ते फक्त कुरकुरतं, बॅड सीआरसी (म्हणजे चेकसम जुळत नाही), युजिंग डीफॉल्ट एन्व्हायर्नमेंट, एवढंच. मी ती वॉर्निंग वाचली, खांदे उडवले आणि सेट करून टाकलं. म्हणजे डीफॉल्ट सेटिंग अधिक माझी एक ओळ असं सगळं फ्लॅशवर लिहिलं गेलं आणि मूळचं सगळं गेलं, मॅक पण त्यातच. माझं नशीब की बूटची कमांड डीफॉल्टमध्ये चालण्यासारखी होती. पत्ता अजून थोडा चुकला असता तर यू-बूटच्याच अंगावर लिहिलं असतं आणि मग डब्याचा पेपरवेट. तर बॅड सीआरसी दिसतंय तोवर लिहायची कमांड चालवायची नाही, आणि प्रिंटएन्व्हचं आउटपुट कागदावर नाहीतर दुसऱ्या मशीनवर ठेवायचं, शिवाय फ्लॅशच्या सगळ्या एमटीडी पार्टिशनची, म्हणजे भागांची, कॉपी इन्स्टॉल करायच्या आधीच काढून ठेवायची. नॅन्ड फ्लॅश असेल तर कॉपीची साधी कमांड डीडी न वापरता नॅन्डडंप वापरा, बॅड ब्लॉकची भानगड त्याला कळते.

राउटरच्या यादीत काहीच नसेल तर पुढची पायरी, डबा बंद करा, डिस्क काढा आणि दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा, माउंट मात्र रीड-ओन्ली करा. दोन डिस्कचं रेड (दोन्ही मिळून एकच डिस्क) असेल तर एकच डिस्क लावल्यावर मशीन ते अर्धवट रेड आपोआप उभं करायला बघतं, तेवढं सांभाळा. बघायचं एवढंच की डबा जेव्हा गायब होता त्या वेळचा लॉग डिस्कवर लिहिला गेलाय का. जर्नलसीटीएल ह्या लॉग वाचायच्या कमांडला डॅश कॅपिटल डी देऊन त्या डिस्कवरचं जर्नलचं फोल्डर दाखवायचं आणि बूटची यादी मागायची. व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाचं फोल्डरच नसेल तर लॉग फक्त रॅममध्ये होता आणि तो गेला, मग ते फोल्डर आत्ताच बनवून ठेवा, निदान पुढच्या वेळेला कामी येईल.

दुसऱ्या गायब होण्याच्या वेळी मी हे केलं आणि उडालोच. लॉग पूर्ण होता. डबा बूट झाला होता, रूट (मुख्य पार्टिशन) माउंट झालं, साम्बा सुरू झाला, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन चालू होता, रात्रभर बिचारा काम करत बसला होता, फक्त नेटवर्क कार्ड नावाची चीजच त्याला दिसत नव्हती. कर्नलचं व्हर्जन बघितलं तर जुनं, आणि लिब-मॉड्यूल्समध्ये, म्हणजे कर्नलचे सुटे ड्रायव्हर (मॉड्यूलं) असतात तिथे, त्या व्हर्जनचं फोल्डर गायब.

ह्याची गोष्ट जरा समजून घ्या कारण वारंवार येणाऱ्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. साध्या पीसीवर कर्नल अपडेट झालं की ग्रबला, म्हणजे पीसीवर कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामला, ते दिसतं, विषय संपला. ह्या डब्यांत ग्रब नाही. यू-बूटला ठरलेल्या नावाची फाइल लागते, यूइमेज (कर्नल) आणि यूइनिटआरडी (इनिटआरडी, म्हणजे रूट माउंट व्हायच्या आधी लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं), नाहीतर थेट फ्लॅशवरच्या ठरलेल्या पार्टिशनमधून तो उचलतो. डेबियनमध्ये नवीन कर्नल आलं की त्याचं हे रूप बनवून योग्य जागी ठेवायचं काम फ्लॅश-कर्नल नावाचं पॅकेज करतं, आणि ते तुमचा डबा कुठला आहे हे डिव्हाइस-ट्रीतलं (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी यादी) मॉडेलचं नाव वाचून ठरवतं. ते नाव त्याच्या यादीत नसेल, किंवा यादीत थोडं वेगळं लिहिलेलं असेल, तर ते अनसपोर्टेड प्लॅटफॉर्म एवढं बोलून मोकळं होतं. अपडेटच्या दोनशे ओळींमध्ये ती एक ओळ कोण वाचतो? अपडेट यशस्वी झाल्यासारखं दिसतं, यूइमेज मात्र जुनंच राहतं.

इथपर्यंत पण डबा बिघडत नाही, जुनं यूइमेज जुन्या मॉड्यूलांबरोबर चालत राहतं. माझी मेख पुढे होती. बूट पार्टिशन लहान, जागा संपली, म्हणून मी जुनं कर्नल हाताने काढून टाकलं. काढताना ते चक्क विचारतं की बाबा तू आत्ता जे कर्नल चालवतोयस तेच काढतोयस, थांबवू का? मी म्हटलं नको थांबवू, रीबूट झाल्यावर नवीनच येणार आहे. नवीन कुठून येणार, यू-बूटच्या हातात अजून जुनंच होतं, आणि आता त्याची मॉड्यूलं मी उडवली होती. डिस्कचा ड्रायव्हर इनिटआरडीत होता म्हणून रूट माउंट झालं. नेटवर्कचा ड्रायव्हर मात्र मॉड्यूल होता आणि इनिटआरडी लहान व्हावी म्हणून मी मॉड्यूल्स इक्वल टू डेप (लागतील तेवढीच मॉड्यूलं) करून ठेवलं होतं, त्यामुळे तो तिथेही नव्हता. सगळं जिवंत, फक्त मुकं.

इलाज सोपा आहे. डबा चालू असतानाच प्रॉक-डिव्हाइस-ट्री-मॉडेल ही फाइल वाचून नाव बघा, फ्लॅश-कर्नलच्या यादीत ते अक्षरशः तसंच आहे का ते तपासा, नसेल तर ईटीसी-फ्लॅश-कर्नलच्या डीबी फाइलमध्ये जवळच्या मॉडेलची नोंद कॉपी करून आपल्या नावाने टाका. मग फ्लॅश-कर्नल हाताने चालवा आणि यूइमेजची तारीख बदलली का ते डोळ्यांनी बघा. जुन्या फाइलची डॉट बॅक नावाने कॉपी ते स्वतः ठेवतं, ती उडवू नका, पुढे डबा अडला तर तीच परत मूळ नावाने ठेवून बूट करता येतं. डबा आधीच अडला असेल तर हीच फाइल दुसऱ्या मशीनवर डिस्क लावून बदलता येते.

इनिटआरडीवरून आठवलं. जागा हा ह्या डब्यांचा जन्माचा रोग आहे. काही मॉडेलांत कर्नलसाठी फ्लॅशवर २ एमबी एवढंच पार्टिशन असतं आणि कर्नल तर दर वर्षी अंग धरतंय. डिस्कवरून बूट होत असेल तर तो प्रश्न नाही पण दुसरा आहे, यू-बूट कर्नल आणि इनिटआरडी रॅममध्ये ठरलेल्या दोन पत्त्यांवर उतरवतो, कर्नल वाढलं की ते शेजारच्याच्या अंगावर चढतं आणि मग चेकसम चुकतो. अशा वेळी मॉड्यूल्स डेप करणं, कॉम्प्रेशन एक्सझेड करणं, नाहीतर यू-बूटमधला इनिटआरडीचा पत्ता पुढे सरकवणं, असे तीन रस्ते.

आता लॉगच नसेल, म्हणजे डिस्कपर्यंत गोष्ट पोचलीच नसेल, तर सिरियल वायरशिवाय, म्हणजे बूट होतानाची अक्षरं थेट बोर्डावरून दाखवणाऱ्या वायरीशिवाय, पर्याय नाही. बहुतेक बोर्डांवर चार पिनांची जागा असते, कधी पिना लावलेल्या, कधी नुसती भोकं. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल ॲडॉप्टर घ्या, ५ व्होल्टवर सेट केलेला नको, आणि जुन्या पीसीचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट तर थेट अजिबात नको, त्याचं व्होल्टेज चिप जाळून टाकेल. फक्त तीन वायरी जोडायच्या, ग्राउंड, टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची), त्यातही ह्याचा टीएक्स त्याच्या आरएक्सला. पॉवरची पिन मोकळी सोडा. स्पीड बहुतेक ठिकाणी ११५२००. मी हे काम वर्षभर टाळलं, उगाच डाग द्यायला लागेल म्हणून, आणि वायर लावल्यावर दहा मिनिटांत जे कळलं ते चार इन्स्टॉलांत कळलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं नुसतं.

वायर लावून पॉवर दिली की अक्षरं कुठे थांबतात त्यावरून निदान होतं. काहीच अक्षर नाही तर वायर उलटी आहे किंवा यू-बूट गेलाय, आधी वायर उलटी करून बघा. यू-बूट दिसतोय पण फाइल सापडत नाही म्हणतोय तर बूट पार्टिशन बघा. जुन्या यू-बूटला फक्त एक्स्ट२-एक्स्ट३ ह्या जुन्या फाइल-सिस्टमच्या जमान्यातलं वाचता येतं, आणि फॉरमॅट करणारं आजकालचं एमकेएफएस एक्स्ट४ बनवताना ६४बिट आणि मेटाडेटा चेकसम हे दोन फीचर आपोआप चालू करतं, २०१६ पासून, त्यामुळे नवीन मशीनवर फॉरमॅट केलेली डिस्क त्याला परकी भाषा वाटते. बूटसाठी वेगळं छोटं एक्स्ट२ पार्टिशन करा, डोकेदुखी संपली. जीपीटी ही पार्टिशन मांडायची नवी पद्धत पण जुन्या यू-बूटला कळत नाही, बूटची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची ठेवा. पण एमबीआरला २ टीबीच्या पुढचं दिसत नाही, म्हणून मोठ्या डिस्कवाल्यांनी बूट आणि रूट एका यूएसबी स्टिकवर टाकावं आणि मोठ्या डिस्का जीपीटीच ठेवाव्यात. यूएसबी स्टिक जागी व्हायला वेळ घेते, तेव्हा बूटआर्ग्जमध्ये, म्हणजे यू-बूट कर्नलला देतो त्या सूचनांमध्ये, रूटडिले १० टाकून बघा. आणि रूट म्हणून एसडीए१ असं नाव कधीच देऊ नका, एक डिस्क जास्त लावली की एसडीए चा एसडीबी होतो, पार्टिशनचा न बदलणारा नंबर, म्हणजे यूयूआयडी, द्या.

स्टार्टिंग कर्नल म्हणून मग भयाण शांतता, हा प्रकार सगळ्यात घाबरवणारा. पण इथे पण दोन शक्यता, एक म्हणजे डिव्हाइस-ट्रीची फाइल चुकीची किंवा जोडलेलीच नाही, आणि दुसरी म्हणजे कर्नल व्यवस्थित चाललंय पण कन्सोल इक्वल टू टीटीवायएस०,११५२०० हे बूटआर्ग्जमध्ये नाहीये म्हणून ते तुमच्याशी बोलत नाहीये. दुसरं आधी तपासा, फुकट आहे.

माझी तिसरी भानगड मात्र ह्याच्या पुढची होती. कर्नल आलं, रूट आलं, आणि मग इमर्जन्सी मोड. कारण? एफस्टॅब, म्हणजे बूट होताना काय काय माउंट करायचं त्याची यादी. दुसरी डिस्क कधीतरी उशिरा जागी व्हायची, सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट बघायचं आणि मग म्हणायचं एक माउंट झालं नाही म्हणजे सगळंच थांबवतो, या कीबोर्डवर आणि रूटचा पासवर्ड टाका. कीबोर्ड! एसएसएच त्या आधीच्या टप्प्यावर सुरू झालेलंच नसतं. डेटाच्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत नोफेल लिहा, एवढ्या एका शब्दाने अर्धे गायब डबे परत येतात असं माझं मत झालंय. मग डिस्क नसली तरी डबा वर येतो आणि तुम्ही आत जाऊन बघू शकता.

त्याच्याच जोडीला घड्याळ. आतला सेल गेलेला, किंवा सेलच नसलेला डबा, पॉवर गेली की काही वर्षं मागे जातो. मग डिस्क तपासणारा एफएससीके म्हणतो ह्या डिस्कचं शेवटचं माउंट भविष्यात झालंय, हाताने तपासा, आणि प्रश्न विचारून कुणालाच न दिसणाऱ्या कन्सोलवर उत्तराची वाट बघत बसतो. नुसता रीबूट केला तर हे होत नाही, पॉवर काढली तरच होतं, आणि म्हणूनच हे पकडायला इतका वेळ लागला. पॅकेजं आणणारं एपीटी पण अशा वेळी रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही म्हणून भांडतं, तो चांगला इशारा आहे. फेक-एचडब्ल्यूक्लॉक टाका, ते बंद होताना वेळ फाइलीत लिहून ठेवतं आणि चालू होताना तिथून पुढे धरतं. सोबत ई२एफएससीके डॉट कॉन्फमध्ये ब्रोकन-सिस्टम-क्लॉक इक्वल टू १.

दोन गोष्टी लिनक्सच्या नसतात पण पाप लिनक्सच्या माथी येतं. डबा अगदी ठरावीक मिनिटांनी स्वतःहून रीबूट होत असेल तर वॉचडॉग (वेळेत हाक आली नाही की रीबूट करणारा टायमर) बघा, यू-बूट तो चालू करून देतो आणि लिनक्समध्ये त्याला थोपटणारं कुणी नसेल तर तो डबा आपटतो. आणि डिस्क फिरायला लागल्याच्या क्षणी रीबूट होत असेल तर ॲडॉप्टर बदलून बघा. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर खेचते, दोन डिस्का एकदम सुरू झाल्या की म्हातारा ॲडॉप्टर मान टाकतो.

अजून एक, तुमच्या डब्यात जुनी एआरएमव्ही५ वाली चिप असेल तर डेबियन १३ चा इन्स्टॉलर शोधत बसू नका, २०२५ च्या त्या रिलीजपासून आर्मेलसाठी (डेबियनमधलं असल्या चिपांचं नाव) इन्स्टॉलरच नाही आणि कर्नलची पॅकेजं पण फक्त पहिल्या पिढीच्या रास्पबेरी पाय आणि झिरोसाठीच उरलीत. १२ वर राहायचं, आणि असला डबा बाहेरच्या इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही.

सध्या माझा डबा बरेच महिने न रुसता रीबूट होतोय. रीबूटच्या आधी यूइमेजची तारीख बघतो, त्या व्हर्जनचं मॉड्यूलचं फोल्डर आहे ना ते बघतो, एफस्टॅबला हात लावला असेल तर फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवतो, मगच एंटर मारतो. सिरियलची वायर आत कायमचीच जोडून ठेवलीय, त्यामुळे झाकण पूर्ण बसत नाही आणि फॅनचा आवाज जरा जास्त येतो. फॅनचा स्पीड अजून लिनक्समधून जमलेला नाही, तो सदा फुल्ल फिरत असतो.